पहिलं दान, पहिली चाल

फासे कसे पडतील ते आपल्या हातात नसतं. पडलेलं दान कुठल्या सोंगटीने खेळायचं, ते मात्र असतं. बॅकगॅमनच्या पहिल्या चालीवरून इंदापूरच्या एका उसाच्या घरात रंगलेला हा वाद...

‘पोबारा करणे’चा वाक्यात उपयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. पोलीस दिसताच चोराने पोबारा केला. शुक्रवारी संध्याकाळी बॉसची पाठ वळली की आपण करतो तोही पोबाराच. पण हा शब्द आला कुठून, माहितीय? सारीपाटातून! तीन लांबट फाशांवर सहा, सहा आणि एक पडलं की ते दान ‘पौ बारा’. पौ म्हणजे एक, आणि वर बारा. एकदम सॉलिड दान. हिंदीवाल्यांनी त्यावरून ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणं असा अर्थ घेतला. आणि आपण? आपण घेतला पळून जाण्याचा!

म्हणजे दान तेच. एकाला त्यात लॉटरी दिसली, दुसऱ्याला पळवाट. गेली दोन-तीन वर्षं मी ज्या खेळाच्या नादी लागलेय, त्या बॅकगॅमनचा अख्खा फंडा हाच आहे.

बॅकगॅमन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फार तर १९८३ चा ‘ऑक्टोपसी’. उदयपूरमध्ये जेम्स बॉण्ड कमाल खानला फाशांवर हरवतो, तो सीन. साहेबी क्लब, सिगार, हिरवं मखमली कापड. आपलं काय काम तिथे? पण जरा खणलं की हा खेळ आपल्या शेजारचाच निघतो. इराणी लोक त्याच्या आजोबाला ‘नर्द’ म्हणतात. त्यांच्याकडची जुनी गोष्ट अशी, की हिंदुस्थानच्या राजाने इराणच्या खुस्रो बादशहाला बुद्धिबळाचा पट पाठवला आणि हे कोडं सोडवून दाखवा म्हणाला. खुस्रोच्या वजिराने, बुझुर्गमिहरने, ते सोडवलं आणि परतभेट म्हणून नर्द बनवून पाठवला. तीस सोंगट्या, कारण महिन्याचे दिवस-रात्र मिळून तेवढे. आम्ही डोकं पाठवलं, त्यांनी नशीब पाठवलं. फेअर डील!

आपल्याकडे तर देवसुद्धा फासे टाकतात. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे २१ नंबरच्या, शंकर-पार्वती डाव मांडून बसलेत आणि खाली नंदीभोवती गणांचा दंगा चाललाय. १४ नंबरच्या लेण्यातही तोच खेळ. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात फाशांच्या खेळाला स्वतंत्र जागा आहे. जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, पैज हरतो आणि बारा वर्षांसाठी घर सोडतो. लोककथा डोळा मारून सांगते की देव मुद्दाम हरला, कारण त्याला बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला जायचं होतं. हरण्याची इतकी रोमँटिक आयडिया दुसऱ्या कुठल्या देवाला सुचली असेल?

कऱ्हेच्या काठाने

जेजुरीजवळून वाहणारी कऱ्हा पुढे बारामतीत येते. या गावात मोरोपंत राहिले, इथेच १७९४ मध्ये वारले. अख्खं महाभारत आर्या वृत्तात आणणारं ‘आर्याभारत’ त्यांचंच. म्हणजे धर्मराजाने सगळं हरलेला तो कुप्रसिद्ध डाव मराठीत आणणारा कवी बारामतीचा! माझं आजोळ बारामतीच्या पुढे, इंदापूर तालुक्यात. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून निघून बारामती स्टॅण्डवर उतरायचं, चहा मारायचा आणि इंदापूरची एसटी पकडायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा रूट. काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी... खिडकीबाहेर ऊस, मग ऊस, आणि त्यानंतर ऊस. हा सगळा हिरवेपणा नीरेच्या डाव्या कालव्याचा. गाडी पुढे गेली की उजनीच्या पाण्याचा वारा लागायला लागतो.

मामाकडे ऊस आहे. मामाकडे सारीपाटही आहे. कापडी, कडेला शिवण उसवलेला, लाकडी सोंगट्यांचे रंग उडालेले. श्रावणात देवळाच्या ओवरीत हा पट अंथरला की मामाला जेवायला बोलवायला माणूस पाठवावा लागतो. त्यामुळे गेल्या दिवाळीआधीच्या दिवाळीत मी बॅगेतून बॅकगॅमनचा बोर्ड काढला, तेव्हा त्याला काही शिकवावं लागेल असं वाटलंच नव्हतं. दहा मिनिटांत गडी तयार!

तुम्हालाही दहाच मिनिटं लागतील. पटावर चोवीस घरं. प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. माझ्या सोंगट्या एका दिशेने जाणार, तुमच्या उलट्या. सगळ्या सोंगट्या आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या, मग पटाबाहेर काढायच्या. जो आधी मोकळा झाला तो जिंकला. एका घरात दोन सोंगट्या असल्या की ते घर पक्कं, तिथे समोरच्याला पाय ठेवता येत नाही. एकटी सोंगटी सापडली की मेली. तिला पटाबाहेरून, समोरच्याच्या सहा घरांतून वाट काढत पहिल्यापासून यायचं.

“म्हंजी जुगच की!” मामा म्हणाला. सारीपाटात एका घरातल्या दोन सोंगट्यांच्या जोडीला जुग म्हणतात. हिंदीत एक म्हणही आहे, जुग टूटा, नर्द मरी. जोडी फुटली की सोंगटी गेली. आणि त्या शेवटच्या सहा घरांना मामाने तिथल्या तिथे नाव देऊन टाकलं. अंगण. माझं अंगण, तुझं अंगण. ‘होम बोर्ड’पेक्षा हजारपट बरं. मी तेव्हापासून तेच वापरते.

पंधरा दानं, पाच सोपी

खरी गंमत पहिल्या चालीत आहे. सुरुवातीला माझ्या सोंगट्या चार ठिकाणी असतात. घरं आपल्या शेवटापासून मोजायची. दोन सोंगट्या २४ व्या घरात, म्हणजे थेट शत्रूच्या अंगणात. पाच १३ व्या घरात, तीन ८ व्या, पाच ६ व्या. सगळी मिळून १६७ घरं चालायची आहेत. समोरच्याचंही अगदी तेच, आरशात पाहिल्यासारखं.

सुरुवात कोणी करायची? दोघांनी एकेक फासा टाकायचा. ज्याचा मोठा, त्याने ते दोन्ही आकडे खेळायचे. सारखे आले तर पुन्हा टाकायचे. म्हणजे पहिल्या दानात दोन्ही आकडे कधीच सारखे नसतात, आणि शक्य दानं उरतात फक्त पंधरा. पंधराच! एवढ्या छोट्या यादीवर माणसांनी जाडजाड पुस्तकं लिहिलीत.

यातल्या पाचांवर वाद नाही. तीन-एक पडलं? ८ व्या घरातली एक आणि ६ व्या घरातली एक, दोघी ५ व्या घरात. जुग जमलं, अंगणातली सगळ्यात मोक्याची जागा आपली. चार-दोन, पाच-तीन, सहा-एक, या तिन्हींतही असंच एक घर पक्कं होतं. आणि सहा-पाच पडलं तर शत्रूच्या अंगणात अडकलेल्या दोघींपैकी एक थेट अकरा घरं धूम ठोकते आणि १३ व्या घरातल्या आपल्या गोतावळ्यात येते. इंग्रजीत याला ‘लव्हर्स लीप’ म्हणतात. आपण पोबारा म्हणूया.

उरलेल्या दहा दानांत मोक्याचं घर पक्कं होत नाही, निवांत पळताही येत नाही. मग खेळायचं काय? चार-एक घ्या. त्या दिवाळीत आमच्याकडे याच चार-एकवरून दोन तास गेले, आणि मामी फराळाची ताटं घेऊन तीनदा येऊन परत गेली.

मामाची चाल सरळ. १३ व्या घरातली एक सोंगटी उचलायची, चार आणि एक मिळून पाच घरं चालवायची आणि ८ व्या घरात नेऊन ठेवायची. कुणीही एकटं नाही. कुणी मरायचा प्रश्नच नाही.

मामेबहिणीची चाल वेगळी. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात. वय चोवीस, बीएस्सी अ‍ॅग्री, बारामतीत नोकरी, स्कूटीवर रोजचं अप-डाउन. ती म्हणाली, चार खेळायचे १३ वरून ९ व्या घरात, आणि एक खेळायचा ६ वरून ५ व्या घरात. ५ व्या घरात एकटीच सोंगटी, उघडी. पुढच्या खेपेला तिच्यावर दुसरी आणून बसवायची, की मोक्याचं घर आपलं!

“आणि मधल्या मध्ये मारली तर?” मामा.

“मारली तर मारली. छत्तीसपैकी पंधरा दानांतच मारता येते ती. एकवीस दानं माझी.”

धाकटीचा हिशेब बरोबर होता. शत्रू चार घरं मागे. चार असलेली अकरा दानं, तीन-एकची दोन, दुहेरी दोन आणि दुहेरी एक. झाली पंधरा.

“पंधरा म्हंजी कमी न्हाय, पोरी,” मामा म्हणाला. मग पटाकडे बघतच राहिला. त्याला आता सोंगट्या दिसत नव्हत्या, हे आम्हाला तिघींनाही कळलं.

उपटलेली बाग

मामाने एकदा सोंगटी उघडी टाकली होती. दोन एकर डाळिंब. भगवी फळं, व्यापारी बांधावर, सगळं झक्कास. मग तेल्या आला. ज्यांनी डाळिंब लावलंय त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फळावर तेलकट काळे डाग, मग तडे, मग फळ फेकून द्यायचं. फवारण्या झाल्या, छाटण्या झाल्या, शेवटी बाग उपटली. त्यानंतर मामाच्या रानात फक्त ऊस. आडसाली लावायचा, सोळा-अठरा महिने थांबायचं, टोळी येते, तोडते, कारखाना नेतो. दर चढो-उतरो, पण माल बांधावर सडत नाही. अख्ख्या रानात जुगच जुग. एकही सोंगटी उघडी नाही.

आणि धाकटीला एक एकर हवा होता. शेडनेट टाकून भाजीपाल्याची रोपवाटिका. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात तिने प्रशिक्षण घेतलेलं, हिशेबाची वही तयार. टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवरची रोपं करून द्यायची. हल्ली किती शेतकरी घरी गादीवाफ्यावर रोपं करत बसतात? तयारच आणतात. मार्केट आहे, बारामतीही जवळ, इंदापूरही. मामाचं उत्तर एकच. उसातला एकर मोडायचा नाही. विषय बंद.

तर चार-एक हे असं होतं. वरवर फाशांचं.

आता मामाची चाल सेफ आहे, यात शंकाच नाही. पण बॅकगॅमनमध्ये सेफ चालीचं बिल नंतर येतं. ८ व्या घरात आता चार सोंगट्या, ६ व्यात पाच. सगळी गर्दी दोन-तीन जागी. पुढची दानं पडली की बसायला जागा नाही, नवीन घर बांधायला सोंगटी हाताशी नाही. कधीतरी उघडं पडावंच लागतं, ते टळत नाही. फक्त तोपर्यंत समोरच्याने त्याचं अंगण बांधून घेतलेलं असतं. सुरुवातीला सोंगटी मेली तर त्याच्या अंगणात सहापैकी एकच घर बंद असतं, तुम्ही आरामात परत येता. वीस चालींनंतर मेली तर कदाचित पाच बंद असतात. मग बसा बाहेर, फासे टाकत.

पॉल मॅग्रिएलने १९७६ मध्ये ‘बॅकगॅमन’ नावाचं पुस्तक लिहिलं. खेळणारे लोक त्याला बायबल म्हणतात. त्याने सांगितलेली कसोटी साधी आहे. धाडस करू की जपून खेळू, हे स्वतःच्या मूडला विचारू नका, पटाला विचारा. समोरच्याचं अंगण कमजोर आहे? मग धाडस स्वस्त आहे. त्याच्या अंगणात तुमचं एखादं पक्कं घर आहे? मग तर आणखी स्वस्त, कारण मेलात तरी उतरायला जागा आहे. त्याचं अंगण भक्कम झालंय? मग गप जपून खेळा.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पंचविशीत होम लोन नसतं, पोरांची अ‍ॅडमिशन नसते, आई-बाबांची गुडघ्याची ऑपरेशनं अजून दूर असतात. म्हणजे समोरच्याचं अंगण रिकामं असतं. आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो? ‘आधी थोडं सेटल होऊ, मग बघू’ म्हणत सगळ्या सोंगट्या ८ व्या घरात रचतो! माझ्या ओळखीतले निम्मे लोक आज चौतीस-पस्तिशीत त्या ढिगावर बसलेत, हातात चांगलं दान घेऊन.

मशीनने सांगितलेली तिसरी चाल

मी हे सगळं तावातावाने मामाला सांगत होते आणि धाकटी खूश होत होती. पण गोष्ट इथे संपत नाही. कारण चार-एकला तिसरीही चाल आहे, आणि ती माणसांनी नाही, मशीनने पटवून दिली.

१९७०-८० च्या काळात मोठमोठे खेळाडू दोन-एक, चार-एक, पाच-एक पडलं की धाकटीसारखंच खेळायचे. सोंगटी ५ व्या घरात उघडी टाकायची. धडाकेबाज चाल, मर्दानी वगैरे. मग आयबीएममध्ये जेराल्ड टेसॉरो नावाच्या संशोधकाने १९९२ च्या सुमारास ‘टीडी-गॅमन’ नावाचा प्रोग्रॅम बनवला. त्याला उस्तादांचे डाव घोकायला दिले नाहीत. स्वतःशीच खेळ, हर, जिंक आणि शीक, असं सांगून सोडून दिलं. पुढच्या आवृत्तीपर्यंत तो स्वतःशी पंधरा लाख डाव खेळला. मग दोनदा जगज्जेता झालेला बिल रॉबर्टी त्याच्यासमोर बसला. चाळीस डाव झाले, आणि रॉबर्टी पुढे होता फक्त एका पॉइंटने!

हा प्रोग्रॅम चार-एकला काय खेळायचा? चार तोच, १३ वरून ९ व्या घरात. पण एक वेगळीकडे. ५ व्या घरात नाही, तर मागे, शत्रूच्या अंगणात बसलेल्या दोघींपैकी एक २४ वरून २३ व्या घरात. बस्स. एक घर सरकायचं. उस्तादांनी आधी नाकं मुरडली. मग हिशेब केला, आणि चार-एक व पाच-एकला उस्तादांची जुनी चाल हळूहळू जवळजवळ गायबच झाली.

का? हा हिशेब मी मामाच्या कॅलेंडरच्या मागे मांडून दाखवला. ५ व्या घरातली सोंगटी जवळजवळ घरी पोचलेली असते. ती मेली की पटाबाहेर जाते, तिथून शेवट २५ घरं. म्हणजे कमावलेली २० घरं एका फटक्यात गेली. २३ व्या घरातली सोंगटी मेली तर? २५ वजा २३. गेली फक्त दोन घरं! उघडी दोन्हीकडे आहेच. पण एकीकडे आपण कमावलेलं पणाला लावतो, दुसरीकडे अजून काही कमावलेलंच नाही ते. आणि मिळतं काय? मागच्या दोघी आता दोन जागांवरून समोरच्यावर नजर ठेवतात, त्याच्याच अंगणात पक्कं घर करायची संधी शोधतात.

धाडस करायचं, लवकर करायचं, पण जिथे गमावण्यासारखं सगळ्यात कमी आहे तिथे. पंधरा लाख डावांचं सार एवढंच.

मामाने कॅलेंडर उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, “त्या मशीनला बाग उपटावी लागली न्हाय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू का, असायलाही नको. कारण तो म्हणत होता ते खरंच होतं. मशीन डाव हरलं तर पुढच्या सेकंदाला नवा डाव मांडतं. मामाला नवा पट मिळत नाही. आणि अजून एक गोष्ट. पहिल्या चालीचे सगळे नियम पहिल्या चालीला लागू. धाकटीचा डाव नुकता मांडलाय. मामा मात्र अठ्ठावन्नचा आहे, सोसायटीचं कर्ज आहे, त्याचा डाव निम्म्याहून पुढे गेलाय. घरोघरी हीच तर भानगड असते ना? पट एकच, त्यावर एकाची ओपनिंग चालू असते आणि दुसऱ्याचा शेवट जवळ येत असतो. बाप जपून खेळतो तेही बरोबर, मुलगी उघडं खेळते तेही बरोबर. भांडण चालीचं नसतंच. कुणाचा कितवा डाव चाललाय, याचं असतं.

दहा गुंठे

रात्री जेवणं झाल्यावर धाकटीच बोलली.

“अण्णा, मला एकर नको. रस्त्याकडेचा खारवट तुकडा द्या. दहा गुंठे.”

त्या तुकड्यात उसाचं पाचटसुद्धा धड होत नाही. वर्षानुवर्षं पाट सोडून सोडून जमीन खारावलेली. मामाने तो हिशेबातून कधीच सोडून दिला होता. पण रोपवाटिकेला जमीन कसली लागते? रोपं कोकोपीटमध्ये, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये होतात. लागतं विहिरीचं चांगलं पाणी, सावली आणि लक्ष. रस्ता जवळ, म्हणजे गाडी थेट दारात.

“नोकरी?” मामाने विचारलं.

“सोडत नाही. सकाळ-संध्याकाळ मी, दुपारी आई.”

मामीने मान हलवली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण तिचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

बघा ना, उसाचा एकही सरी मोडला नाही. बारामतीची नोकरी म्हणजे उतरायला पक्कं घर. आणि उघडा पडला तो तुकडा, ज्यात घालवण्यासारखं जवळपास काही नव्हतं. २४ वरून २३. मी काही बोलले नाही. मामाच बराच वेळ पटाकडे बघून म्हणाला, “तुझी ती मागची सोंगटी.” आणि सुपारी कातरायला लागला. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, मग रोपवाटिका धमाल चालली असेल, धाकटीचा फोटो छापून आला असेल! नाही, बॉस. फासे आहेत ते. पुढच्या उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं, शेडनेट एका बाजूने फाटून उसावर जाऊन पडलं, गारांनी टोमॅटोची कोवळी रोपं झोडपली. त्या खेपेचे निम्मे ट्रे गेले. उरलेली रोपं विकली गेली. मजुरी आणि बियाणं जेमतेम निघालं.

मी पुण्यात बातमी ऐकली तेव्हा पोटात गोळा आला. डाळिंबाच्या वेळी मामा चार दिवस कुणाशी बोलला नव्हता, ते आठवलं. घाबरत घाबरत फोन लावला. मामीने तो मामाकडे दिला.

“काय न्हाय गं,” मामा म्हणाला. “दोन घरं मागं गेली. पट तसाच हाय.”

मागून धाकटीचा आवाज येत होता. नेट शिवायला माणूस मिळत नव्हता, म्हणून ती आणि मामी मिळून स्वतःच शिवत होत्या. खरीप तोंडावर होता आणि मिरचीची ऑर्डर आली होती.

चौकट : पहिल्या दानाची चिठ्ठी

(घरं आपल्या शेवटापासून मोजा.)

३-१ : ८ वरून एक, ६ वरून एक. ५ वं घर पक्कं. डोळे झाकून खेळा.
४-२ : ८ आणि ६ वरून एकेक. ४ थं घर पक्कं.
६-१ : १३ आणि ८ वरून एकेक. ७ वं घर पक्कं, मागच्यांची वाट अडली.
५-३ : ८ आणि ६ वरून एकेक. ३ रं घर पक्कं.
६-५ : २४ वरून थेट १३. पोबारा!
४-१, ५-१ : मोठा आकडा १३ वरून, एक मात्र मागे, २४ वरून २३.
२-१ : दोन १३ वरून. एक कुठे, यावर अजूनही दोन तट आहेत. धाकटीची उघडी चाल इथे चालते.
६-२, ६-३, ६-४, ५-२, ५-४, ४-३, ३-२ : एकाहून जास्त चाली चांगल्या. आधी पट बघा, मग स्वभाव.